चित्रपटगृहात बसण्याआधी दोन मिनिटे

जळगाव, धुळे किंवा भुसावळला बाजाराची खरेदी आटोपून थेट सिनेमाला जाणाऱ्यांच्या पिशवीत बऱ्याचदा नवा विळा, अडकित्ता, आगपेटी असे काहीतरी असतेच, आणि प्रवेशद्वारावरील तपासणीत ते अडवले गेले की वाद होतो. म्हणून अशा वस्तू आधीच घरी किंवा ओळखीच्या दुकानात ठेवाव्यात. महिलांची अंगझडती महिला कर्मचाऱ्यानेच घ्यावी, असा आग्रह निःसंकोच धरावा.

मात्र पिशवी तपासली गेली म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे मुळीच नव्हे. 2023 च्या दिवाळीत आपल्या शेजारच्या मालेगावात प्रेक्षकांनी चित्रपटगृहाच्या आतच फटाके फोडले होते. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला लागलेल्या आगीत 59 जणांचा जीव गेला, तो प्रामुख्याने धुराने गुदमरून. जादा खुर्च्यांमुळे बाहेर पडण्याची वाटही अडली होती.

त्यामुळे दिवे मालवण्यापूर्वी जवळचे दोन दरवाजे पाहून घ्यावेत आणि तिथपर्यंतच्या रांगा मोजाव्यात, कारण धुरात पाटी दिसत नाही, पण खुर्च्यांच्या पाठी हाताने चाचपता येतात. दरवाजाला साखळी-कुलूप दिसले तर व्यवस्थापकाला तिथल्या तिथे ते काढायला लावावे. धूर झालाच तर तोंडावर ओला रुमाल किंवा उपरणे धरून वाकून चालावे, लिफ्ट टाळावी, गाडी काढण्यासाठी पार्किंगकडे वळू नये आणि बाहेर पडताच 112 वर फोन करावा. मुलांना, भेटायचे ठिकाण म्हणून, तिकीट खिडकी आधीच दाखवून ठेवावी.