बंद घर आणि गावातल्या चोऱ्यांचा हिशेब

‘तालुक्यात घरफोड्या दुप्पट’ असा मथळा पेपरात आला की वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ चालतो आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी महागडा कॅमेरा मागवतो. चोर मात्र मागच्या पडवीची चार कौलं काढून कधीच आत जाऊन आलेला असतो. गणपतीनंतर बंद झालेलं घर शिमग्यापर्यंत नीट राहायला हवं असेल, तर पैसे खर्च करण्याआधी आपल्या भागात काय, कधी आणि कुठून चोरीला जातं हे बघावं लागतं. ते मथळ्यातून कळत नाही, जिल्ह्याच्या आकड्यातूनही नाही.

गुन्ह्यांचा दर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे जमवणारी सरकारी संस्था एनसीआरबी हीच पद्धत वापरते. मुंबईला ती चालते, छोट्या गावाला चालत नाही. २०११ च्या जनगणनेत मालवण शहराची लोकसंख्या होती १८,६४८. हिशेबापुरतं समजा, एका वर्षी तिथे तीन घरफोड्या झाल्या आणि पुढच्या वर्षी सहा. दर १६ वरून ३२ वर गेला, म्हणजे मथळ्याच्या भाषेत शंभर टक्के वाढ. प्रत्यक्षात एकाच टोळीने एका रात्रीत तीन घरं फोडली असतील. इतक्या छोट्या गावात एक गुन्हा जास्त झाला तरी दर पाचाने वर जातो.

त्यात भाजक चुकतो तो वेगळाच. आकडा पोलीस ठाण्याच्या हद्दीचा असतो, लोकसंख्या नगरपालिकेची धरली जाते. मालवण ठाण्याच्या हद्दीत शहराबाहेरची गावंही येतात, आणि तालुक्यातली काही गावं पुन्हा आचरे ठाण्याकडे आहेत. शिवाय मे महिन्यात गावात किती माणसं असतात? पर्यटक आणि चाकरमानी लोकसंख्येत नाहीत, पण त्यांची गेलेली पाकिटं गुन्ह्यांत मोजली जातात.

दुसरी गंमत महिन्यांची. गुन्हा मोजला जातो तो नोंद झाल्याच्या तारखेला. फेब्रुवारीत फोडलेलं बंद घर मालकाला कळतं गणपतीला, साफसफाईला आल्यावर. मग भाद्रपदात घरफोड्या ‘वाढतात’. त्या दिवसांत तर घराघरात माणसं असतात, रात्री भजनं चालू असतात. एवढ्या जागत्या गावात बंद घर फोडायला कोण येईल?

पेपरवाले कशालाही ‘दरोडा’ म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका. कायद्यात दरोड्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात. माणसाला धाक दाखवून नेलं तर जबरी चोरी, कडी-कोयंडा उचकटून किंवा कौलं काढून आत शिरले तर घरफोडी, अंगणातली मोटर उचलून नेली तर साधी चोरी. पाच हजारांच्या आतली किरकोळ चोरी बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, होऊन वहीत राहते, दरात येत नाही. कोकण किनाऱ्यावर जीव घेणारी मोठी गोष्ट, म्हणजे समुद्रात बुडणं, तीही गुन्ह्यांत नसते. तिची नोंद ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून वेगळ्या रजिस्टरला होते. तेव्हा ‘आमचं गाव सुरक्षित’ हे निव्वळ गुन्ह्यांच्या दरावरून कोणी सांगत असेल, तर ते अर्धंच आहे.

मुलगी इंग्लंडमधल्या एखाद्या छोट्या गावात शिकायला चालली असेल आणि तिकडचा दर इकडच्याशी ताडून बघायचा मोह झाला, तर आधी एकक बघा. तिकडे बहुधा दर हजारी सांगतात, आपल्याकडे दर लाखी. शंभराने गुणल्याशिवाय तुलना होत नाही. गुणल्यावरही ती फारशी होत नाही, कारण २०१७ पासून तिकडे घराच्या आवारातली शेड किंवा गॅरेज फोडलं तरी निवासी घरफोडी धरतात. त्यांच्या पोलिसांच्या नकाशावरचा ठिपकाही नेमक्या घराचा नसतो, मुद्दाम जवळच्या एखाद्या जागेवर सरकवलेला असतो. पण त्यांची एक पद्धत घेण्यासारखी आहे: प्रकार, महिना आणि रस्ता असं गुन्हे सुटे करून मांडायचे.

हे आपल्याला घरबसल्या करता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार, संवेदनशील प्रकरणं सोडून, एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी लागते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रसिद्ध एफआयआर’ उघडा, जिल्हा आणि ठाणं निवडा आणि एकेक महिना घेत मागची दोन वर्षं उतरवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं दिसतील: ३३१(३) आणि ३३१(४) घरफोडीची, ३०५ घरातल्या चोरीचं, ३०३(२) साध्या चोरीचं, ३०४ हिसका मारून नेण्याचं. त्याआधीच्या नोंदींत जुन्या भारतीय दंड संहितेची, म्हणजे घरफोडीला ४५४ किंवा ४५७, घरातल्या चोरीला ३८० आणि साध्या चोरीला ३७९ शोधा. ३३१(४) म्हणजे रात्रीची, अर्थात सूर्यास्त ते सूर्योदय.

वहीत रकाने सहा: घटना कधीपासून कधीपर्यंत, नोंद कधी, वाडी, घर बंद होतं की वस्तीचं, आत कुठून शिरले, काय नेलं. पाचवा रकाना सगळ्यात मोलाचा आणि तो फिर्यादीच्या मजकुरातच सापडतो. नावं उतरवू नका, ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. हायवेलगतच्या वाडीचं दुखणं वेगळं निघतं, खाडीकडच्या वाडीचं वेगळं. काजूच्या दिवसांत बी जाते, मांगरातली, म्हणजे बागेतल्या खोपटातली, मोटर आणि केबल जाते, देवळाची दानपेटी वर्षभर धोक्यात असते.

आता घर.

जांभ्याची भिंत आणि फणसाचं किंवा सागाचं दार सहसा कोणी फोडत नाही. फोडतात तो कोयंडा. दीड इंची स्क्रूने बसवलेला कोयंडा पहारीच्या एका झटक्यात निघतो, मग त्याला हजाराचं कुलूप असो की पन्नासचं. उपाय साधा आहे. दाराला आरपार भोक पाडून दहा मिलीमीटरचे नट-बोल्ट घाला, गोल डोकं बाहेर, नट आत, आणि नटाखाली चार-पाच इंच लांबीची लोखंडी पट्टी ठेवा, म्हणजे लाकूड सोलवटून बोल्ट ओढला जात नाही. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांच्या पिना वरून ठोकून बंद करून घ्या.

पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लटकवणं म्हणजे घर बंद असल्याची पाटी लावणं. पुढचं दार आतून अडसर घालून लावा आणि बाहेर पडा बाजूच्या किंवा मागच्या दाराने, ज्याला दारात बसवलेलं आतलं कुलूप आहे. लटकतं कुलूप लावायचंच असेल तर पितळी अंगाचं आणि स्टेनलेस कडीचं घ्या. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंडी कुलूप एका पावसाळ्यात गंजून जाम होतं. त्यात खोबरेल तेल घालायची आपल्याकडे सवय आहे. तेल धूळ धरतं, त्याचा चिकटा होतो, आणि गणपतीला आलेला मालक आपलंच कुलूप हातोड्याने फोडत बसतो. पेन्सिलीचं शिसं किसून त्याची पूड किल्लीला लावा आणि किल्ली आत-बाहेर आठ-दहा वेळा फिरवा. काम झालं.

छप्पर हा खरा रस्ता. मंगलोरी कौल हाताने उचलता येतं, आवाजही होत नाही. चोर बहुधा मागच्या पडवीवर चढतो, कारण ती बुटकी असते आणि फणसाची एखादी फांदी तिच्यावर आलेली असते. ती फांदी तोडा. शिडी, पहार, कुदळ आणि कोयता मांगरात किंवा पडवीत ठेवू नका. घर फोडायला बऱ्याचदा घरचीच पहार वापरली जाते. पडवीतून माजघरात जाणाऱ्या दाराला आतून स्वतंत्र कडी हवी, म्हणजे पडवीत उतरलेला माणूस पडवीतच राहतो. पैसे खर्च करायचेच असतील तर ज्या खोलीत कपाट आहे तेवढ्याच खोलीवर, वाशांच्या खालून, बारा मिलीमीटर सळईची जाळी चार-चार इंचांवर बसवा. सगळ्या घराला जाळी करणं हा फाजील खर्च आहे. खिडकीचे गज दिसायला जाड असतात, पण चौकटीत घुसतात तिथे गंजून सुतळीएवढे झालेले असतात. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, पापुद्रे निघाले तर बदला.

दिवा चोवीस तास जळत राहिला तर तोही बंद घराचीच खूण. टायमर लावला तर पावसाळ्यात लाईट सहा-सहा तास जाते आणि टायमर तेवढा मागे पडतो. दोन आठवड्यांनी दिवा भर दुपारी लागलेला दिसतो. उजेडावर चालणारा दिवस-रात्र सेन्सर घ्या, त्याला लाईट गेल्याचं काही वाटत नाही.

कॅमेरा वाईट नाही, पण तो शेवटची गोष्ट. सिमकार्डवाल्या कॅमेऱ्याचा रिचार्ज संपलेला असतो, वायफायवाल्याला लाईट लागते आणि राउटरचा छोटा यूपीएस दोन-चार तासांच्या पुढे जात नाही. वळिवाच्या पहिल्या गडगडाटात अडॅप्टर जळतो. पाख्याखाली लावला तर कोळी जाळं विणतो आणि रात्रभर मोबाइलवर ‘हालचाल आढळली’ येत राहतं. मग लोक सूचनाच बंद करतात. लावायचा तर सात-आठ फुटांवर, वाटेच्या तोंडाकडे, चेहरा येईल असा. रेकॉर्डिंगची पेटी टीव्हीशेजारी ठेवलीत तर चोर तीही नेतो. रेकॉर्डिंग फोनवर किंवा क्लाउडवर जाऊ द्या.

यंत्रापेक्षा वाडीतला माणूस बरा, पण ‘जरा लक्ष ठेवा हां’ म्हणून चालत नाही. काम नेमकं सांगा आणि त्याचे पैसे द्या. आठवड्यातून एकदा, वेगवेगळ्या दिवशी: खळ्यातला पातेरा (अंगणातला पालापाचोळा) झाडायचा, कोयंडा हलवून बघायचा, मागे जाऊन कौलांची ओळ बघायची, मीटरचा फोटो पाठवायचा. निघताना फ्रिज आणि मोटरचे स्विच बंद केले असतील तर मीटर बाहेरच्या दिव्यापुरताच पुढे सरकायला हवा. आकडा एकदम वाढला तर कोणीतरी आत राहून गेलंय. किल्ली आणि लक्ष ठेवण्याचं काम एकाच माणसाकडे देऊ नका, त्याच्यावरही उगाच आळ येत नाही. घर किती दिवस बंद राहणार हे पोलीस पाटलांना सांगून ठेवा. मुंबईच्या गाडीत बसल्यावर स्टेटस मात्र टाकू नका.

दागिने आणि देव्हाऱ्यातली चांदी घरात ठेवूच नये. तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळ आणि समया राहतात. त्या भंगारात किलोने विकल्या जातात. प्रत्येक भांडं वजनकाट्यावर ठेवून फोटो काढा, पोचे आणि डाग जवळून टिपा. भांड्यावर नाव घालून घ्यायची जुनी रीत चालू ठेवा, बुडाजवळ दोन अक्षरं पुरतात.

गस्त घालायची असेल तर पोलीस पाटलांमार्फत ठाण्याला कळवून, जोडीजोडीने, बॅटरी घेऊन. अनोळखी माणूस दिसला तर ११२ ला फोन. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला धरण्याचा अधिकार कायदा देतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं आणि मारहाण केली की गुन्हा आपल्यावर येतो. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे चोरांच्या अफवेतूनच तिघांचा जीव गेला. ‘बाहेरचे लोक आलेत’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं आठवा. बागेत राखणीला आणि कामाला ठेवलेल्यांची, गाववाला असो की नेपाळहून आलेला, ओळखपत्राची प्रत ठाण्यात द्या. सगळ्यांची दिली की कोणालाच ते टोचत नाही.

एवढं करूनही घर फुटलेलं दिसलं तर उंबऱ्याच्या आत जाऊ नका. वाडीतली वीस माणसं ‘काय काय नेला’ बघायला आत शिरतात, कपाटाचं दार उघडझाप करतात, आणि ठसेतज्ज्ञ येतात तेव्हा त्यांना सगळ्या वाडीचे ठसे मिळतात. श्वानपथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतं, त्याला वेळ लागतो, तोवर मागची बाजूही मोकळी ठेवा. पाऊस असेल तर पायाच्या ठशावर टोपली पालथी घाला.

फिर्यादीत ‘शेवटचं सुस्थितीत कधी पाहिलं’ ही तारीख नेमकी द्या. वाडीतल्या माणसाचे आठवड्याचे फोटो इथे कामाला येतात, कारण सात महिन्यांची मुदत सात दिवसांवर येते आणि तपासाला धागा मिळतो. तुम्ही मुंबईत असाल तर तिथल्या ठाण्यातही शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत सही करावी लागते. पण पंचनामा इथेच होणार, तेव्हा पहिली गाडी पकडून येणं बरं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या आणि वजनं व संख्या तिथेच वाचून बघा. पुढे आणखी काही गेल्याचं लक्षात आलं तर पुरवणी जबाब द्या. नोंद घ्यायला टाळाटाळ झाली तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांना पाठवा. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, न कळवल्यास विचारा.

विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा, आणि घर सलग ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बंद असेल तर भरपाई नाही अशी अट पॉलिसीत आहे का ते आधीच वाचून ठेवा. माल सापडला तर तो मुद्देमाल म्हणून जमा राहतो आणि न्यायालयात अर्ज केल्यावर ताब्यात मिळतो. तेव्हा ठाण्याच्या खोलीत एकसारखे दहा हंडे मांडलेले असतात. आपला कुठला, हे सांगायला बुडाजवळची दोन अक्षरं आणि वजनाचा फोटो लागतो.