आंबिया बहाराचा ताण तोडण्याआधी बोअरचं पाणी तपासा

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर भागातल्या संत्रा बागायतदारांनी ताण तोडताना, म्हणजे आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांसाठी) बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सोडताना, मोटर सुरू करण्याआधी पाण्यातलं क्लोराइड पाहावं. खारं पाणी फक्त अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात, या समजुतीपायी चांगल्या बागा करपतात. क्लोराइड जास्त झालं की आधी पानाचा शेंडा आणि कडा जळतात, मग पानं गळतात. लोह कमी असेल तर कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात. दोन्ही लक्षणांवर कृषी केंद्रातून तीच महागडी चिलेटेड लोहाची (पिकाला सहज घेता येणाऱ्या रूपातल्या लोहाची) बाटली माथी मारली जाते. शेंडा जळत असेल तर ती घेऊ नका.

चाचणी रंगाची आहे. मोटर १५ मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग नमुना घ्या. ५० मिलि पाण्यात ५ टक्के पोटॅशियम क्रोमेट १ मिलि टाका. पाणी पिवळं होईल. त्यात ०.०१४१ नॉर्मल तीव्रतेचं सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडत ढवळत राहा. विटकरी छटा ढवळूनही टिकली की तिथेच थांबा. गडद लाल होण्याची वाट पाहिली तर आकडा फुगतो. जितके मिलि लागले त्याला १० ने गुणा, ते लिटरमागे मिलिग्रॅम क्लोराइड. पाण्याचा सामू ७ ते १० मध्ये हवा, नाहीतर रंग फसवतो. सिल्व्हर नायट्रेट उजेडात खराब होतं. तपकिरी बाटलीतलंच घ्या. क्रोमेट विषारी आहे. हातमोजे घाला, उरलेलं पाणी धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, कॅनमध्ये साठवून प्रयोगशाळेला द्या. एवढं जमत नसेल तर नमुनाच माती-पाणी प्रयोगशाळेत पाठवा, पण ताण तोडण्याआधी.

क्लोराइड लिटरमागे १४० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर चिंता नाही. १४० ते ३५० मध्ये जपून. त्यापुढे ते पाणी संत्र्याला नकोच. जंबेरी खुंटावरची (खुंट म्हणजे कलमाखालचं मूळझाड) झाडं रंगपूरवरच्या झाडांआधी करपतात, म्हणून जंबेरीची बाग असेल तर १४० ओलांडलं तरी ते पाणी देऊ नये, असं आमचं मत.

क्लोराइड जिप्समने जात नाही, पाइपला लावायच्या चुंबकानेही नाही. उपाय मिसळण्याचा आहे. बोअर ३०० आणि विहीर १०० असेल, तर एक भाग बोअर आणि चार भाग विहीर मिळून १४० होतं. पालाश देताना म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्यात जवळपास निम्मं क्लोराइडच असतं; सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. भारी काळ्या जमिनीत चर खोदल्याशिवाय क्षार धुऊन जात नाहीत.

बाकी कामं:
- वाळलेल्या फांद्या छाटणे
- बुंध्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर)
- दुहेरी आळे (बुंध्याभोवती एक आणि त्याबाहेर दुसरं), कुजलेलं शेणखत
- पहिलं पाणी हलकं

त्याच विहिरीचं पाणी घरी पीत असाल तर नायट्रेट तपासायचा संचही वापरा. त्यात गुलाबी रंग जितका गडद तितकं नायट्रेट जास्त. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. काही संचांवर आकडा नायट्रेट-नायट्रोजनचा असतो, तो ४.४३ ने गुणल्याशिवाय ४५ शी ताडू नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. तान्ह्या बाळाचं दूध त्या पाण्यात कालवू नका.