टर्बो ३५० काढून २००-४आर बसवताना: माझा अनुभव

जुन्या कॉर्व्हेटमधला टर्बो ३५० हा जीएमचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून त्या जागी मी ७००आर४ऐवजी २००-४आर निवडला; हे दोन्ही जीएमचेच, पण चार गिअरचे. ६ इंची शेपटीच्या (मागच्या नळकांड्याच्या) टर्बो ३५०एवढीच त्याची लांबी आणि २७ स्प्लाइनचा (खाचांचा) तोच योक, म्हणजे शाफ्टला जोडणारा तुकडा, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापावा लागला नाही. मागचा माउंट मात्र साधारण साडेसहा इंच मागे जातो, म्हणजे गिअरबॉक्स ज्यावर टेकतो त्या आडव्या पट्टीचं, क्रॉसमेंबरचं काम आलंच.

बोल्ट आवळण्याआधी टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) हाताने फिरवत पूर्ण आत बसवा. फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनच्या मागच्या चकतीपासून) ३ ते ५ मिमी फट हवी. फट नसेल तर गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फुटतो.

खरा जीव टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलमध्ये आहे; ती कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाते. ती नुसती खालचा गिअर पाडणारी किकडाउन केबल नव्हे, आतलं तेलाचं प्रेशर तीच ठरवते. पॅडल पूर्ण दाबल्यावर केबलही पूर्ण ओढली गेलीच पाहिजे. ढिली राहिली तर गिअर लवकर बदलतात, क्लच घसरतात आणि थोड्याच अंतरात जळतात. कार्ब्युरेटर मूळचा नसेल तर केबलची ओढ बरोबर करणारं ब्रॅकेट लावल्याशिवाय गाडी हलवूच नका, चाचणीपुरतीसुद्धा नाही.

लॉकअपला (कन्व्हर्टर थेट जोडणाऱ्या क्लचला) ब्रेक स्विचमधून १२ व्होल्ट दिले, म्हणजे ब्रेक दाबताच तो सुटतो. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरच्या गिअरचं प्रमाण, ०.६७, म्हणून जिथे ३००० आरपीएम लागत होते तिथे आता सुमारे २०००.