संस्थेची वेबसाईट वर्डप्रेसवर बनवताय? आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा

तीन-चार छोट्या संस्थांच्या साईट फुकटात बनवून दिल्यात, त्यामुळे कुठे कुठे आपटायला होतं ते माहितीये. साईट बनते दोन रविवारात, पण पुढे ती चालवायची असते ऑफिसमधल्या ताईंना, ज्या पावत्या फाडतात, फोन घेतात आणि मधल्या वेळात चहाचंही बघतात. सगळं त्यांच्या हिशोबाने ठरवायचं.

पहिलं डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता. एका संस्थेचं डोमेन कुणाच्या तरी भाच्याने स्वतःच्या जीमेलवरून घेतलेलं, पोरगं नोकरीला बंगळूरला गेलं, रिन्यूअलचे मेल पडून राहिले आणि एके दिवशी साईट उघडली तर ऑनलाईन रमीची जाहिरात! देणगीदारांचे फोनवर फोन. तेव्हा डोमेन आणि होस्टिंग (साईट जिथे ठेवतात ती भाड्याची जागा) दोन्ही संस्थेच्या नावावर, संस्थेच्या मेलवरून घ्या, डोमेन एकदम तीन-चार वर्षांचं घेऊन टाका आणि लॉगिनचा कागद ज्या फाईलला घटनेची झेरॉक्स आणि पॅनकार्ड लावलंय त्याच फाईलला लावून कपाटात ठेवा. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा रेट बघून भुलू नका, रिन्यूअलचा विचारा.

वर्डप्रेस, म्हणजे साईट बनवायचं सॉफ्टवेअर, दोन प्रकारे मिळतं, डॉट कॉम आणि डॉट ओआरजी. आपल्याला ओआरजीवालं हवं, सॉफ्टवेअर फुकट असतं, फक्त होस्टिंगचे पैसे. थीम, म्हणजे साईटचं रंगरूप, साधी घ्या, ॲस्ट्रा किंवा कॅडेन्स चालेल, आणि बॅकअप, सिक्युरिटी, फॉर्म एवढी प्लगिन (वरून जोडायच्या सोयी) बास. ताईंना ॲडमिन करू नका, एडिटर रोल द्या, आणि त्यांच्या प्रोफाईलमध्ये भाषा मराठी करून द्या, डॅशबोर्ड, म्हणजे आतली काम करायची स्क्रीन, मराठीत दिसतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता मजकूर. जुने अहवाल डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेले असतात, ते कॉपी करून टाकले की साईटवर नुसती गिचमीड दिसते. ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग जोडाक्षरं नजरेखालून घाला, कन्व्हर्टर काहीतरी गोंधळ घालतोच. फॉन्ट मुक्ता घ्या, फुकट आहे आणि वाचायला छान आहे. अजून एक भानगड म्हणजे मराठी शीर्षक दिलं की लिंकपण मराठीत बनते, आणि ती व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्याच्या चिन्हांची शेपूट होते, कारण एकेका अक्षराचे (काना-मात्रा वेगळे मोजून) नऊ-नऊ कॅरॅक्टर होतात. दोनशेच्या पुढे वर्डप्रेस कापतं, म्हणजे साधारण बावीस अक्षरांत खेळ खलास. म्हणून पोस्ट पब्लिश करायच्या आधी लिंकचा भाग रोमन लिपीत छोटासा लिहायचा.

होमपेजवर 'समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध' लिहू नका हो, आणि शाल-श्रीफळाच्या फोटोंचा स्लायडरपण नको. 'वाडीवरच्या ४० पोरांची अभ्यासिका रोज संध्याकाळी ६ ते ८' असं लिहा, देणारा माणूस तेच शोधत असतो. त्याखाली नोंदणी क्रमांक, ८०जी (देणगीदाराला इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळते ती मान्यता) असेल तर तेही, आणि मागच्या वर्षीच्या ऑडिटची पीडीएफ. पोरांचे फोटो टाकताना आईवडिलांना विचारा, आणि बालगृह वगैरे असेल तर चेहरा, नाव, ओळख पटेल असं काहीच नको, जुवेनाईल जस्टिस ॲक्टच्या (बाल न्याय कायद्याच्या) कलम ७४ खाली तो गुन्हा आहे. मोबाईलचे फोटो चार-पाच एमबीचे असतात, हजार-बाराशे पिक्सेल रुंदीचे करून टाका, गावाकडच्या नेटवर साईट उघडली पाहिजे ना.

देणगीचं पान मात्र नीट वेळ देऊन करा. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा, खजिनदारांच्या गूगल पेचा नाही (हसू नका, मी पाहिलाय). पेमेंट गेटवे (साईटवरच कार्डाने वगैरे पैसे घेणारी सेवा) हवा असेल तर रेझरपेसारखे लोक केवायसीत ट्रस्टची कागदपत्रं मागतात आणि साईटवर संपर्क, प्रायव्हसी, रिफंडची पानंही बघतात, ती आधीच करून ठेवा म्हणजे अर्ज अडकत नाही. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, पॅन हे तिन्ही घ्या, कारण वर्षअखेरीला सीए देणगीदारांची यादी भरतो आणि तेव्हा ताई दीडशे लोकांना पॅन मागायला फोन करत बसतात. २००० रुपयांच्या वरची रोख देणगी ८०जीत धरत नाहीत आणि नवी टॅक्स रिजीम घेतलेल्याला ती वजावटच नसते, हे दोन्ही तिथेच लिहून टाका, नंतरची भांडणं वाचतात.

आणि अमेरिकेतले काका. त्यांचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्यांच्या स्वतःच्या पैशांची देणगी परदेशी धरत नाहीत, पण अमेरिकन असेल तर ती परदेशी देणगी, मग एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी लागते आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर गेटवेमध्ये इंटरनॅशनल कार्ड बंदच ठेवा, आणि पानावर स्पष्ट लिहा.

शेवटी ताईंना शेजारी बसवा, माउस त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही हात मागे बांधून बसा, एक पोस्ट फोटोसकट त्यांनाच टाकू द्या. जिथे त्या अडतील ते एका कागदावर मराठीत लिहून मॉनिटरला चिकटवा. आमच्या ताईंनी एकटीने टाकलेली पहिली पोस्ट हळदीकुंकवाची होती, फोटो आडवा लागला होता. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर सरळ केलेला.