रिफंड येणार की भरावे लागणार? शेत-वावर असलेल्या नोकरदारांनी या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत दोन शिक्षक आहेत, पगार दोघांचाही वर्षाला पावणेबारा लाख. एकाला सहा हजार रुपये रिफंड येतो, दुसऱ्याच्या नावावर पंधरा हजारांच्या वर कर निघतो. मग गावात चर्चा सुरू होते की पहिल्याचा अर्ज भरून देणारा माणूस हुशार, दुसऱ्याचा कच्चा. खरे कारण वेगळेच असते. वर्षभरात पॅनवर जेवढा कर कापला गेला तो खऱ्या करापेक्षा जास्त असेल तर फरक परत मिळतो, कमी असेल तर भरावा लागतो. रिफंड म्हणजे आपलाच जास्तीचा गेलेला पैसा.

आता हेच दोन शिक्षक आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या करप्रणालीत बघू. 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की दोघांचे पगाराचे उत्पन्न 11 लाख. पहिल्या गुरुजींना एफडीचे 60 हजार व्याज मिळाले आणि बँकेने त्यावर 10 टक्के म्हणजे 6 हजार टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला. एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत, त्यामुळे सवलत मिळून कर शून्य. कापलेले 6 हजार परत.

दुसऱ्या गुरुजींचे वावर आहे. कापूस-तुरीतून खर्च वजा जाता 3 लाख उरले. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून त्यांनी ते दाखवलेच नाही आणि आयटीआर-1 हा विवरणपत्राचा साधा अर्ज भरला. आपल्या भागात सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती करणारी माणसे प्रामाणिक असतात, याचे मला फार वाईट वाटते. शेती करमुक्त आहे हे खरे. पण ते उत्पन्न 5 हजारांच्या वर आणि बाकीचे उत्पन्न मूळ सूट-मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेती मोजली जाते. 11 आणि 3 मिळून 14 लाखांवरचा कर होतो 90 हजार. त्यातून 4 लाखांची मूळ सूट अधिक 3 लाख शेती, अशा 7 लाखांवरचा 15 हजार कर वजा करायचा. उरले 75 हजार. सवलत मिळते जास्तीत जास्त 60 हजार. म्हणजे 15 हजार आणि त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 15,600. ‘12 लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य वावर असलेल्या नोकरदाराला जसेच्या तसे लागू होत नाही.

ही रक्कम 10 हजारांच्या वर आहे, म्हणून ती आगाऊ कराच्या हप्त्यांत भरायची असते, शेवटचा हप्ता 15 मार्चला. नाही भरली तर दरमहा 1 टक्का व्याज लागते. अर्जही आयटीआर-1 नाही, किमान आयटीआर-2 लागतो. शेतीचे उत्पन्न 5 लाखांच्या वर गेले तर जमीन कोणत्या जिल्ह्यात, किती, ओलिताची की कोरडवाहू, हेही लिहावे लागते. त्यासाठी सातबारा, अडत्याची पट्टी, बी-खताची बिले, फवारणी-मजुरीचा हिशेब एका फाइलीत ठेवा. चुकारा रोखीत घेऊन पट्टी फेकून देऊ नका.

रस्त्यात किंवा धरणात जमीन गेलेल्यांची चूक थोडी वेगळी. खेड्यातल्या शेतजमिनीचा मोबदला करमुक्त असतो, पण त्या पैशाच्या एफडीवरचे व्याज शेतीचे उत्पन्न होत नाही. त्यावर कर लागू शकतो.

याच्या उलट घरातल्या म्हाताऱ्या आईचे होते. उत्पन्न फक्त एफडीचे 1 लाख 20 हजार व्याज, टीडीएस कापू नका असे सांगणारा 15एच अर्ज बँकेत दिलाच नाही, 12 हजार कापले गेले. ‘आईला कुठला आलाय कर’ म्हणून विवरणपत्र कोणी भरत नाही आणि पैसे तसेच राहतात. उशिराचे विवरणपत्र 31 डिसेंबरपर्यंत भरता येते. त्यानंतरच्या अद्ययावत विवरणपत्रात रिफंड मागता येत नाही.

‘रिफंड काढून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. तो खोटे घरभाडे, खोटी देणगी दाखवतो. पैसे येतात, नंतर नोटीस येते. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होतो, आणि तो पॅन ज्याचा आहे त्यालाच.

रिफंड अडकला असेल तर आधी ई-व्हेरिफिकेशन, म्हणजे भरलेल्या विवरणपत्राची ऑनलाइन पडताळणी, झाले का ते बघा, मुदत 30 दिवसांची. मग बँक खाते. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. तुमचा आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, बदलला असेल तर खाते आयकर विभागाच्या पोर्टलवर पुन्हा प्रमाणित करा. पॅनवर ‘शांता’ आणि पासबुकावर ‘शांताबाई’ असेल तरी अडते. पॅन-आधार जोडणी तपासा. जुनी थकबाकी निघत असेल तर रिफंड तिकडे वळवण्याआधी विभाग विचारतो, त्याला 21 दिवसांत उत्तर द्यायचे असते. सेतू केंद्रात अर्ज भरताना केंद्रवाल्याचा मोबाइल नंबर टाकला असेल तर ही विचारणा त्याच्याकडे जाईल, तुमच्याकडे नाही. पोर्टलवर जाऊन नंबर स्वतःचा करून घ्या.