लेथवर लाकडी गोळा कसा कातायचा

सावंतवाडीच्या चितारअळीत मिळतात तसली लाकडी फळं कातताना एका अंगाला दोन मिमी जास्त उतरलं, तरी आंबा आंबाच राहतो. फार तर वेगळ्या जातीचा म्हणायचा. गोळ्याला ती सवलत नाही. म्हणून सुरुवातीला नुसत्या नजरेने वळण काढायच्या भानगडीत पडू नये. आधी मापाने कोन पाडायचे, मग लाकूड फिरवून दुसऱ्या अक्षावर धरायचं. गोळा खरा गोल होतो तो या अक्षबदलामुळे. खाली सगळी मापं ६० मिमीच्या गोळ्याची दिली आहेत.

लाकूड शिवणीचं घ्या. हलकं असतं, हत्याराला त्रास देत नाही आणि वाळल्यावर फारसं वेडंवाकडं होत नाही. फणसही छान कातला जातो, रंगही सुंदर येतो. फक्त ओला असताना त्याचा चीक हत्याराला चिकटतो. सागातली वाळूसारखी सिलिका धार लवकर मारते. माडाच्या लाकडाचा मोह पहिल्या गोळ्याला टाळाच: बाहेरचा भाग दगडासारखा, आतला भुसभुशीत, त्यामुळे हत्यार मऊ बाजूला खोल जातं. लाकूड कुठलंही असो, ओंडक्याचा मधला गाभा तुकड्यात येता कामा नये. तडा तिथूनच जातो.

कोकणात खरा घोळ ओलाव्याचा. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं मात्र आकसतं. वलयांच्या दिशेने ५ टक्के आकसलं, तर ६० मिमीमागे ३ मिमी गेले. आषाढात ओल्या लाकडाचा कातलेला गोळा उन्हाळ्यात अंडं होतो तो यामुळे. तुकडा आधी ७० मिमी व्यासापर्यंत जाडाभरडा कातून ठेवा, दोन्ही टोकांना मेण लावा आणि दर पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करा. लागोपाठ दोन वेळा तेच वजन भरलं की तुकडा कातायला तयार.

आता आखणी. ११० मिमी लांबीचा तुकडा लेथच्या दोन सेंटरमध्ये (लाकूड दोन्ही टोकांनी धरणाऱ्या अणींमध्ये) धरून बरोबर ६० मिमी व्यासाचा सिलिंडर करा. वेग मिनिटाला १२०० ते १५०० फेरे. लांबीच्या मध्यावर टोकदार पेन्सिलने रेघ मारा. ही मधली रेघ शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही. गोळ्याचं खरं माप तेवढंच आहे. तिच्या दोन्ही बाजूंना ३० मिमीवर शेवटच्या रेघा मारा.

व्यासाला ०.४१४ ने गुणा. ६० चे होतात २४.८. हा एकच आकडा दोनदा वापरायचा आहे. शेवटच्या रेघांच्या बाहेर पार्टिंग टूलने (सरळ खाच पाडायच्या अरुंद हत्याराने) २४.८ मिमी व्यासापर्यंत उतरा. दोन्ही टोकांना जाड दांडे तयार होतील. मग मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १२.४ मिमीवर, खुणा करा. या खुणेपासून दांडा जिथे सुरू होतो त्या कोपऱ्यापर्यंत सरळ उतार काढा. सरळ म्हणजे पट्टी लावली की मधून उजेड दिसता कामा नये. बाजूने पाहिलं तर अष्टकोन दिसेल.

पुढची फेरी: प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्हीकडे ६.५ मिमीवर (व्यास गुणिले ०.१०८) खुणा करून तो कोपरा उडवा. दांड्याकडचा कोपरा उडवताना दांडा १२ मिमीपर्यंत बारीक होतो. आता सोळा बाजू झाल्या. यानंतर मात्र नजर पुरते. उरलेले बारीक कोपरे गोल पटाशीने मोडा. लाकडाचे तंतू अजून अक्षाच्या दिशेनेच आहेत, म्हणून हत्यार नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे, उतारावरून खाली न्यायचं. उलट नेलं की तंतू उपटले जातात. नवशिक्यांचा गोळा इथे हमखास लिंबासारखा टोकदार होतो, कारण दांड्याजवळ हात भितो आणि लाकूड शिल्लक राहतं.

दोन्ही दांडे करवतीने कापा, दीड-दोन मिमी राहू द्या.

गोळा आडवा धरायला दोन लाकडी वाट्या लागतात. मऊ लाकडाच्या करा: एक हेडस्टॉकच्या (मोटरकडच्या टोकाच्या) चकमध्ये, म्हणजे पकडीत, दुसरी टेलस्टॉकच्या (समोरच्या सरकत्या टोकाच्या) फिरत्या सेंटरवर बसेल अशी. गोळ्याला टेकणारी कड साधारण २५ मिमी व्यासाची असावी. कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, पकड येते आणि वळ उठत नाही. दाब कमी पडला तर गोळा घसरून रबराचा काळा-तपकिरी डाग बसतो. जास्त झाला तर शिवणीवर गोल ठसा उमटतो.

मधल्या रेघेभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, जुळली तिथे कापा, घडी घालून चार सारखे भाग करा, आणि घड्यांवरून रेघेवर चार बिंदू उतरवा. समोरासमोरचे दोन बिंदू वाट्यांच्या मध्यावर येतील असा गोळा धरा. लेथच्या मागे काळा कागद लावा, उजेड बाजूने सोडा आणि १००० फेऱ्यांवर मशीन चालू करा. गोळ्याभोवती धुरकट सावली दिसेल. ती म्हणजे जास्तीचं लाकूड. दांड्यांचे बुंधेही तिच्यातच फिरत असतात. आतला घट्ट आकार म्हणजे तुमचा गोळा. फक्त सावली कापायची.

इथे दिशा उलटते. आता तंतू अक्षाला आडवे आहेत, म्हणून हत्यार वाटीकडून मध्याकडे, बारीककडून जाडकडे न्यायचं, वाडगा बाहेरून कातताना नेतात तसं. कागदासारखा पातळ काप घ्या आणि सारखं मशीन थांबवून पाहा. पेन्सिलची रेघ अर्धी पुसट झाली की तिथे थांबा. रेघ खाऊन पुढे गेलात तर माप हरवलं. मग गोळा लहानलहान होत जातो, गोल होत नाही.

मग उरलेल्या दोन बिंदूंवर धरून हेच पुन्हा. तपासायला ४० मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा काटकोनात कापलेला तुकडा घ्या आणि गोळ्यावर सगळीकडे फिरवा. कडेखालून उजेड आला तर तिथे खळगा आहे किंवा कडेखाली दुसरीकडे उंचवटा. कॅलिपरने (व्यास मोजायच्या चिमट्याने) तीन दिशांना मोजून ०.३ मिमीचा फरक आला तरी डोळ्याला कळत नाही. काचेवर घरंगळवून मात्र पारख करू नका. लाकूड एका बाजूला जड असलं तर अचूक गोळाही तीच बाजू खाली करून थांबतो.

पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ४०० या क्रमाने. दर काही सेकंदांनी गोळा थोडा वळवून धरा. एकाच अक्षावर घासत बसलात तर मऊ बाजू झिजते, तंतूंची टोकं असलेली कडक बाजू तशीच राहते आणि कमावलेली गोलाई जाते.

कातताना तोंडावर शील्ड आणि धुळीला मास्क हवाच. हातमोजे आणि ओढणी नको. पावसाळ्यात लाइट गेली की आधी स्विच बंद करा, नाहीतर ती अचानक येते आणि पटाशी टेकलेली असतानाच मशीन सुरू होतं. खाऱ्या हवेत लेथचा बेड (खालची लोखंडी पट्टी) आठवड्यात गंजतो, त्याला मेणाचा हात मारत राहा.

शेवटी लाख द्यायची तर गोळा वाट्यांत फिरत असताना लाखेची कांडी टेकवा. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते. मग केवड्याच्या सुक्या पानाने दाबून चकाकी आणा. वाट्यांखालचा भाग गोळा वळवून दुसऱ्या खेपेला करायचा. लाख नको असेल तर जवसाचं तेल आणि मेण. खोबरेल घरात असतंच, पण ते कधी वाळत नाही, आणि श्रावणापर्यंत गोळ्यावर बुरशी धरते.