मन खचलंय आणि प्रार्थनाही होत नाहीये, मग काय करायचं?

खचलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय ऐकायला मिळतं तर "तुझा विश्वास कमी पडतोय". बोलणारे बहुतेक वेळा चांगल्या मनानंच बोलतात हो, पण त्यानं होतं काय की आधीच डोक्यावर जे ओझं आहे त्यात अपराधीपणाची भर पडते. तर ते वाक्य आधी बाजूला ठेवा. बायबलमध्ये खचलेल्या माणसांची रांगच लागलीय. मोशे देवाला म्हणाला की यापेक्षा मला मारून टाक, यिर्मया संदेष्ट्यानं स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला, आणि पौलानं करिंथच्या मंडळीला सरळ लिहून टाकलं की आशिया प्रांतात आमच्यावर इतका भार पडला की जगायचीही आशा उरली नव्हती. गेथशेमानेत येशू स्वतः शिष्यांना म्हणाला की माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय. आता त्याचाही विश्वास कमी होता म्हणायचं का?

मग सुरुवात कुठून करायची? माझ्या मते झोपेपासून आणि जेवणापासून. हसू नका, बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय काढून वाचा. एलीया संदेष्ट्यानं कर्मेल डोंगरावर नुकताच एवढा मोठा विजय बघितलेला, आकाशातून अग्नी पडलेला, आणि लगेच ईजबेल राणीची धमकी येते आणि हा माणूस जीव घेऊन पळतो, बैर-शेब्याला चाकराला मागे सोडतो, एकटाच एक दिवसाची वाट चालून रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, बास झालं प्रभू, माझा जीव घे. आणि झोपून जातो. देव काय करतो बघा, उपदेश करत नाही, देवदूत येऊन त्याला हात लावून उठवतो आणि खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो! यावरही कुणी रागावत नाही, देवदूत दुसऱ्यांदा येतो, परत खा म्हणतो, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही. देवाशी बोलणं वगैरे सगळं त्यानंतर, 40 दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर.

म्हणून आज मन फारच खाली गेलं असेल तर आधी दोन घास खा, पाणी प्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि झोपा. रात्री 2 वाजता "देवानं मला टाकलंय" असा निकाल लावू नका, त्या वेळेला सगळंच तसं दिसतं.

त्यानंतर तक्रार करा. होय, देवाकडेच. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की प्रार्थना म्हणजे आधी उपकारस्तुती, मग क्षमा, मग मागणं, आणि मनात आग लागलेली असताना आपण तोंडानं "धन्यवाद प्रभू" म्हणत बसतो आणि आतून अजूनच कोरडे होतो. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं ढिगानं आहेत, आणि ती उपासनेत म्हटली जायची. स्तोत्र 13 घ्या, अवघी 6 वचनं. पहिल्या दोनात नुसतं "कोठवर, परमेश्वरा, कोठवर?", पुढच्या दोनात मागणं, आणि शेवटच्या दोनात, परिस्थिती तसूभरही बदललेली नसताना, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय असं.

हाच साचा घेऊन वहीत स्वतःचं लिहा. भाषा सुंदर नको, खरी पाहिजे. उदाहरणार्थ, "प्रभू, 8 महिने झाले नोकरी नाही, घरच्यांचा फोन आला की पोटात गोळा येतो. तू ऐकतोयस का हेच कळत नाही. निदान आजचा इंटरव्ह्यू नीट जाऊ दे, मला परत परत लाज आणू नकोस. पुढचं काही दिसत नाहीये पण बोलायला तुझ्याशिवाय कुणाकडे जाऊ?" एवढं पुरे. शेवटची ओळ नाहीच सुचली तर जबरदस्तीनं लिहू नका, स्तोत्र 88 तर शेवटपर्यंत अंधारातच आहे आणि तरी ते बायबलमध्ये आहे. आणि शब्दच फुटत नसतील तर रोमकरांस पत्राचा 8 वा अध्याय, 26 वं वचन, तिथं म्हटलंय की आपल्याला कशी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

वचनं वाचायची पण जरा सांभाळून. यिर्मया 29:11 सगळ्यांना पाठ असतं, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे, स्टेटसला पण तेच असतं. पण त्याच्या आधीचं एक वचन वाचा, तिथं 70 वर्षं लिहिलंय! बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद होऊन गेलेल्या लोकांना यिर्मयानं पाठवलेलं ते पत्र आहे, आणि त्यात सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, इथं बराच काळ राहायचंय. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांना सांगत होता की 2 वर्षांत सगळं पूर्ववत होईल. ऐकायला तेच गोड होतं आणि खोटं तेच निघालं. म्हणून "पुढच्या महिन्यात ब्रेकथ्रू येणार" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर मला तरी जरा भीतीच वाटते. आठवडाभर एकच परिच्छेद घ्या, आधीचं नंतरचं धरून वाचा, दहा अध्याय उरकण्यापेक्षा ते बरं.

एकटं राहू नका हे सगळेच सांगतात, पण सांगायचं कुणाला हा खरा प्रश्न असतो. पूर्ण मंडळीला सांगायची गरज नाही, एक माणूस बघा जो गोष्ट पोटात ठेवतो, आणि त्याला आधीच बजावा की सल्ला नको, फक्त ऐक आणि माझ्यासाठी प्रार्थना कर. बायबलमधल्या ईयोबावर संकटांचा डोंगर कोसळला तेव्हा त्याचे मित्र 7 दिवस 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते उत्तम मित्र होते, तोंड उघडल्यावर घोळ झाला. उपासनेला जायची इच्छा नसेल तरी जा, गाणं म्हणवत नसेल तर मागच्या बाकावर बसून नुसतं ऐका, बाकीचे म्हणतायत ना.

थोडं बरं वाटायला लागलं की एखादं छोटं काम हातात घ्या, आजारी माणसाला भेटणं, कुणाच्या पोराला गणित शिकवणं, काहीही. होरेबला देवानं एलीयाच्या बाबतीत तेच केलं, त्याची तीच तक्रार शब्द न शब्द दोनदा ऐकून घेतली, मग म्हणाला परत जा, अमक्या अमक्याला अभिषेक कर, तुझ्या जागी अलीशाला संदेष्टा म्हणून नेम, आणि हो, तू एकटा नाहीस, बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले 7,000 जण आहेत.

आणि एक गोष्ट स्पष्टच. दोन-दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही असं चाललं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. पाळकांशी बोला आणि डॉक्टरकडेही जा. डॉक्टरनं औषध दिलं तर ते घेण्यात अविश्वास नाही, आणि कुणी म्हणालं की गोळ्या सोड, नुसती प्रार्थना कर, तर त्याचं ऐकू नका. मरणाचे विचार येत असतील तर रविवारची वाट बघत बसू नका, आत्ताच जवळच्या कुणाला तरी फोन लावून सांगा, आणि तो येईपर्यंत फोन चालू ठेवा.